भांड्यातला तांबडा-पांढरा

कवीला बोलवावे आणि विषय द्यावा संडासाच्या भांड्यावरील डागांचा, याची मला प्रथम गंमत वाटली. पण आमच्या घरात नमाजाआधी पाक-साफ होण्याचे संस्कार लहानपणीच होतात, त्यामुळे बधना, मोरी आणि ती छोटी खोली यांची निगा मला नवी नाही. कवितेत ही जागा अजून मला आणता आलेली नाही; निदान रेडिओवर येऊ द्या.

कोल्हापुरात तांबडा-पांढरा म्हटले की रश्श्याची आठवण होते. माफ करा, पण आजच्या विषयातही हेच दोन रंग आहेत. २०२३ साली काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. तरीही अनेक अपार्टमेंटमध्ये प्यायला नळाचे आणि वापरायला बोअरचे, अशी वाटणी आहे. जमिनीत मुरताना पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. भांड्याच्या कडेला ते सुकले की क्षार मागे राहतात, त्यात लघवीतले क्षार मिसळतात आणि पांढरट-पिवळा थर धरतो. गीझरच्या कॉइलवर जमतो, त्याच्याच जातीचा हा थर. पाण्यात लोह असेल किंवा पाइप गंजला असेल, तर तांबूस ओघळ उठतात.

म्हणजे आपण ज्याला घाण समजून घासतो, तो खरे तर एक पातळ दगड असतो. तारेच्या घासणीने तो निघाला, तरी भांड्याची चकाकी खरवडली जाते आणि खरखरीत जागी नवा थर लवकर बसतो. ब्लीचिंगने जंतू मरतात, रंग फिका होतो, पण दगड तिथेच. तांबड्या डागावर तर ब्लीचिंग उलटते. गंज अधिकच पक्का होतो.

मग लोक अॅसिड आणतात. आमच्या इमारतीत सफाईला येणाऱ्या ताई एकदा पदराने नाक दाबून खोकत बाहेर आल्या. हातात मोजे नव्हते. विचारले तर म्हणाल्या, "घासून हात गेला चाचा, निघंना. मग ओतावंच लागतंय." डाग आपल्या घरातला आणि छाती मात्र त्यांची, हे मला पटत नाही. अॅसिडच्या वाफा बंद खोलीत कोंडतात. ते फरशीच्या सांध्यांतले सिमेंट खाते आणि जास्त ओतले तर सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारते. त्यातच ब्लीचिंग पडले, तर क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर हाच वायू सोडला होता! बाजारातल्या संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांतही पातळ केलेले तेच अॅसिड असते, तेव्हा तीही ब्लीचिंगसोबत नकोत. २०१३ साली लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. ओळखपत्र आणि नोंदवहीशिवाय ते विकता येत नाही. तरी कुठे तरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जुन्या बाटलीत ते दिसतेच. लहान मुलाने ते पाणी समजून तोंडाला लावले तर?

दगडाला आंबट आवडत नाही. किराणा दुकानातले लिंबूसत्त्व दोन-तीन मोठे चमचे अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा. पांढरे व्हिनेगरही चालते. कमोड असेल तर ब्रशने आतले पाणी आधी मागे ढकला, नाहीतर औषध पातळ होते. उतारावर द्रावण थांबत नाही, म्हणून जुने सुती फडके त्यात भिजवून डागावर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फडके काढून (ते भांड्यात सोडू नका, चोकअप होईल) साध्या ब्रशने घासा. जुना थर एका रात्रीत जात नाही. चार-पाच वेळा करावे लागते, तांबडा तर जास्तच चिवट. पण नाक दाबून पळावे लागत नाही.

आता पुन्हा डाग न येण्याविषयी. रोज दोन मिनिटे ब्रश फिरवला की थर धरत नाही, एवढे पुरे. खरा चोर असतो तो गळका नळ किंवा फ्लशची टाकी. एकाच जागी दिवसभर धार झिरपली की तिथेच ओघळ उमटतो. टाकी गळते का, हे पाहायला बिर्याणीचा खायचा रंग चिमूटभर टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर वॉशर गेला म्हणून समजा. दुकानात जाताना जुना वॉशर खिशात घेऊन जा, मापे वेगवेगळी असतात.