घोडा आणि वैद्याची सुई

घोडा लंगडूं लागला कीं त्याच्या धन्याचा जीव थाऱ्यावर राहत नाहीं. कोठें दुखतें हें त्या मुक्या जनावराला सांगतां येत नाहीं, आणि धनी तर कोणी सांगेल तो उपाय करावयास तयार असतो. अशा उपायांपैकीं सूचिचिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, हिचा आज आपण थोडा विचार करूं.

ही विद्या मूळची चीनची. मिंग राजवटींत, १६०८ च्या सुमारास, यू बेनयुआन व यू बेनहंग या बंधूंचा अश्ववैद्यकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. घोड्याच्या अंगावर सुई कोठें लावावी हें त्यांत सांगितलें आहे. परंतु त्या काळची सुई पुष्कळदां रक्त काढण्याचें शस्त्रच असे. शीर तोडणें आणि डाग देणें हे प्रकार आपल्या साळोत्र्यांनाही ठाऊक होते. आजची केसासारखी बारीक सुई व तिचे नकाशे यांचा इतिहास बराच अलीकडचा आहे. माणसाच्या देहावरील रेषा घोड्यावर उतरवितांना पित्ताशयाचीही रेषा काढली गेली. घोड्याला तर पित्ताशयच नसतें!

मग ही चिकित्सा टाकाऊच समजावी काय? तसेंही नाहीं. सुई टोंचल्यानें मज्जातंतू उद्दीपित होतात आणि वेदना शमविणारीं द्रव्यें शरीरांतच निर्माण होतात, असें प्रयोगांवरून दिसतें. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, जुनाट पाठदुखीच्या १५ घोड्यांपैकीं ज्यांना सुईवाटे सौम्य विद्युत्प्रवाह दिला, त्यांची वेदना कमी झालेली आढळली. पण पंधरा घोडे म्हणजे फार थोडे. पाळीव जनावरांवरील अशा प्रयोगांचा २००६ मध्यें एकत्र आढावा घेण्यांत आला. ही चिकित्सा स्वीकारावी किंवा त्याज्य ठरवावी इतका सबळ पुरावा कोणत्याही रोगाविषयीं मिळाला नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता.

येथें निर्णय कठीण होण्याचें कारण उघड आहे. लंगडणाऱ्या घोड्याला सुया लावतात तेव्हां बहुधा विश्रांतिही देतात. गुण कशाचा आला हें कसें ओळखावें? शिवाय आशेनें पाहणाऱ्या धन्याला घोड्याची चाल सुधारल्यासारखी भासते.

म्हणून माझें सांगणें इतकेंच कीं, निदान आधीं, सुई मागाहून. खुरांत पू झाला असेल तर तो काढलाच पाहिजे. पोटशूळांत आंतड्याला पीळ पडला असेल, तर शस्त्रक्रियेची वेळ सुयांत दवडणें म्हणजे घोडा गमावणें होय. दुखणें नुसतें झांकून घोड्याला पुन्हां शर्यतींत पळविणें हें तर क्रौर्यच. जुनाट पाठदुखींत, रोग नीट ओळखल्यानंतर, जाणत्या पशुवैद्याच्या हातून इतर उपचारांच्या जोडीला ही सुई अवश्य वापरून पाहावी. मात्र गुण येतो कीं नाहीं हें डोळसपणें तपासावें.

माणूस वैद्याला नको म्हणूं शकतो. घोड्याला तें साधत नाहीं. त्याच्या वतीनें शंका घेणें हें आपलें कर्तव्य आहे.