चित्र माझं, फाईल कुणाची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणाची दुपारची भांडी झाली असतील, कुणी बांधावर बसून मोबाईलवर ऐकत असेल. मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. एरवी मी कर्जफेड, हजेरी, वह्या यांवर बोलते. आज चित्रांवर बोलणार आहे. पण रेडिओ बंद करू नका. चित्रावरून निघालेली गोष्ट शेवटी आपल्या पैशापाशीच येते.

मी चित्रं काढते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. माझं शिक्षण बी.ए. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढंच काय ते शिक्षण. गटाच्या कामाला लागले तेव्हा लक्षात आलं की व्याजाचा हिशेब तोंडी सांगितला की सगळ्या माना डोलावतात आणि उंबऱ्याबाहेर गेल्या की विसरतात. मग मी ड्रॉइंग शीटवर चित्रं काढून न्यायला लागले. कर्ज म्हणजे ज्वारीचं पोतं आणि व्याज म्हणजे त्याच्या भोकातून सांडणारे दाणे. चित्र पाहिलं की बायका स्वतःच बोलायच्या, "अगं, हप्ता चुकला की भोक मोठं होतंय की!" काळं पेन, स्केचपेनांची एक पेटी आणि पट्टी एवढंच माझं सामान होतं.

पुढे मी ज्या गटाची सभासद आहे, त्या गटाने शेंगांची चटणी विकायला काढली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आपल्या सोलापूरकडची. लेबलासाठी मी चित्र काढलं. उखळ, मुसळ धरलेली बाई आणि बाजूला शेंगांसकट उपटलेला भुईमुगाचा वेल. तीन रात्री लागल्या. मुसळ धरलेले हात जमेनात. खोडून खोडून कागद फाटला, तेव्हा नवा कागद घेऊन पहिल्यापासून काढलं. तालुक्याच्या एका दुकानात ते चित्र स्कॅन केलं, कॉम्प्युटरवर अक्षरं टाकली आणि लेबल छापलं. झकास झालं. सगळ्या जणी खूश.

पण लेबल एकदा छापून भागत नाही. अडीचशे ग्रॅमचं पाकीट दोनशेचं केलं, चला तालुक्याला. अन्न नोंदणीचा १४ आकडी नंबर टाकायचा राहिला, पुन्हा चला. दर खेपेला दुकानदाराचे दोनशे रुपये, एसटीचं भाडं आणि एकीचा बुडालेला रोज. एकदा मी म्हटलं, "दादा, ती फाईलच आम्हाला देऊन टाका." तर म्हणाला, "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळणार? आमच्याकडेच राहू द्या, जपून राहील."

दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्याच्या प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला. आठशे लेबलं हवी होती. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटर बिघडला, फाईल गेली. माझा मूळ कागदही त्याला सापडेना. मग आम्ही वहीच्या कागदावर हाताने नाव लिहून पाकिटांना चिकटवलं. चटणी तीच होती, पण शहरातल्या बायका पाकीट उचलायच्या, उलटसुलट बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. निम्मा माल परत आणला. त्यानंतर महिन्याभराने बाजारात दुसऱ्याच कुणाच्या तरी मसाल्याच्या पाकिटावर मला माझी उखळवाली बाई दिसली. तीच बाई, तेच हात. फक्त पदराचा रंग बदललेला.

त्या दिवशी बाजारातून घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. चित्र माझ्या हातचं, पण फाईल दुसऱ्याच्या हातात. म्हणून त्याला वाटेल ते होणार. हे काम आपल्यालाच शिकलं पाहिजे, असं मी तेव्हा ठरवलं.

माझा पुतण्या अकरावीला आहे. त्याने माझ्या मोबाईलमध्ये आयबिस पेंट नावाचं ॲप टाकून दिलं. ते फुकट मिळतं, मधे मधे जाहिराती तेवढ्या येतात. बाजारातून रबरी टोकाचं एक पेन आणलं, सव्वाशे रुपयांचं. पहिली रेघ ओढली आणि पेन सरळ घसरलं. कागदाला थोडी खर असते, ती पेनाला धरून ठेवते. काचेला काही नाही. कागदावर जोर दिला की रेघ जाड होते, पण या साध्या पेनाचा जोर मोबाईलला कळतच नाही. कितीही दाबा, रेघ तेवढीच. जोर ओळखणारी पेनं असतात, पण ती ठराविक मोबाईलवर आणि टॅबवरच चालतात आणि महाग असतात. हाताचा तळवा काचेला टेकला की भलत्याच ठिकाणी रेघ उमटायची. त्यावर मी उपाय काढला. जाड मोजा कापून करंगळी आणि तळव्याच्या कडेवर चढवला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "काचंवर रेघा ओढून पोट भरणार हाय का?" आठ-दहा दिवस माझी चित्रं माझ्या पहिलीतल्या मुलीच्या चित्रांपेक्षाही वाईट येत होती.

मग दोन गोष्टी समजल्या आणि गाडी रुळावर आली.

पहिली गोष्ट म्हणजे मागे जाण्याची खूण. रेघ चुकली की एक बाण दाबायचा, रेघ गायब. शिवणकाम करणाऱ्या बायकांना लगेच कळेल. टाका उसवला तर कापडावर सुईची भोकं राहतात, इथे भोकसुद्धा राहत नाही. कागद फाटत नाही, शाई पसरत नाही. पण याचा एक तोटाही आहे. कागदावर मी रेघ ओढण्याआधी विचार करायचे. इथे ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची, असं करत रात्रीचे बारा वाजायचे. आता मी स्वतःला नियम घातलाय. एक रेघ फार तर तीनदा पुसायची, मग पुढे जायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे थर. ॲपमध्ये त्याला लेयर म्हणतात. एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं असतं. खालच्या कागदावर उखळ, वरच्यावर बाई, त्याच्यावर साडीचा रंग, सगळ्यात वर अक्षरं. वजन बदलायचं असलं तर फक्त वरचा कागद हलवायचा, खालच्या बाईला धक्का लागत नाही. ज्या बदलासाठी आम्ही एसटीने तालुक्याला जात होतो, तो आता चूल पेटेपर्यंत होतो.

मी कागद सोडलेला नाही, हेही सांगते. पहिलं चित्र अजून पेन्सिलीने कागदावरच काढते, कारण बाईच्या कमरेचा बाक मला कागदावरच सापडतो. मग त्याचा मोबाईलने फोटो काढते, तो सगळ्यात खालच्या थरावर ठेवून फिका करते आणि वरच्या थरावर पक्की रेघ ओढते. शेवटी खालचा फोटो लपवायचा. हात तोच, डोळा तोच. शिकावं लागलं ते फक्त नव्या पेनाचं वागणं.

चुकाही झाल्या. त्या सांगते, म्हणजे तुमच्या टळतील.

एकदा घरातल्या पोराने गेमला जागा हवी म्हणून ते ॲपच काढून टाकलं. ॲपमध्ये साठवलेली माझी अकरा चित्रं त्याच्याबरोबर गेली. पेन्सिलीचे कागद होते म्हणून वाचले. तेव्हापासून चित्र झालं की त्याची फाईल बाहेर काढून मोबाईलच्या गॅलरीत ठेवते, स्वतःच्या ईमेलवर पाठवते आणि महिन्याला एकदा पेन ड्राईव्हवर घेते. बँकेचं पासबुक जसं पेटीत ठेवतो, तसा तो पेन ड्राईव्ह गटाच्या पेटीत असतो.

दुसरी चूक आकाराची. मोबाईलवर स्वच्छ दिसणारं चित्र छापलं की फाटल्यासारखं, चौकटी चौकटीचं आलं. छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. म्हणून ए-फोर कागदाएवढं चित्र करायचं तर सुरुवातीलाच २४८० बाय ३५०८ असा आकार निवडायचा. नंतर ताणून मोठं केलं तर उपयोग होत नाही. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते लहान होऊन जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसं पोचतं.

तिसरी चूक रंगाची. मोबाईलचा रंग उजेडाचा असतो, छपाईचा रंग शाईचा. पडद्यावर झगझगणारा पोपटी छापून आला तो सुकलेल्या मेथीसारखा. आता सगळी लेबलं छापण्याआधी एक नमुना छापून घेते आणि दिवसाच्या उजेडात बघते.

आता कुणी म्हणेल, आमचं वय झालं. ब्रिटनचे डेव्हिड हॉकनी नावाचे मोठे चित्रकार १९३७ साली जन्मले. आयुष्यभर त्यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर काम केलं. २००९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मोबाईलवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली. फुलांची चित्रं काढून ती मित्रांना पाठवायचे. पुढे टॅबवर काढलेल्या चित्रांची मोठमोठी प्रदर्शनं भरली. तेव्हा वयाचं कारण राहू द्या.

पण मला आज याहून मोठं काही सांगायचं आहे. चित्र काढायचं साधन याआधीही बदललं होतं, आणि तेव्हा बायकांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

बिहारच्या मिथिला भागात बायका घरच्या भिंतींवर चित्रं काढायच्या. १९६६-६७ च्या सुमारास तिथे मोठा दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे चित्रकार कागद घेऊन तिथे गेले. भिंतीवरची चित्रं कागदावर उतरली आणि तो कागद बायकांच्या हातात होता. जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. घराच्या भिंतीवर काढणाऱ्या बायकांचं नाव देशभर झालं.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे आपल्या डहाणूकडच्या वारली पाड्यांवरही गेले. तिथेही लग्नातला चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा होता. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी. तिथे कागद आला तेव्हा पुढे आले ते जिव्या सोमा म्हसे. त्यांनी वारली कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मोठेपणा तिळभरही कमी नाही. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कागदावर आणि बाजारात आलेली बरीचशी नावं पुरुषांची होती.

साधन बदलतं तेव्हा नवं साधन आधी कुणाच्या हातात पडतं, त्यावर पुढे नाव आणि पैसा कुणाचा हे बरंचसं ठरतं. आज कागदावरून मोबाईलवर तसाच बदल होतोय. आपल्याकडे रांगोळी काढणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, गोधडीवर नक्षी घालणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पण मोबाईल बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. नक्षी आपली, खिसा दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नका.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्याने चित्र काढलं तो त्याचा पहिला मालक. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र. पण एरवी हा हक्क चित्र काढल्याबरोबर मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता आमच्या गटाच्या इतिवृत्तात ठराव आहे की उखळवाल्या बाईचं चित्र माझं, गटाने ते चटणीसाठी वापरायचं आणि नव्या चित्रामागे गटाने मला तीनशे रुपये द्यायचे. पहिले तीनशे रुपये घेताना मला संकोच वाटला. तेव्हा आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "दुकानदाराला देताना आम्ही लाजत नव्हतो, मग तू घेताना का लाजतीस?" सासूबाई तिथेच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण घरी आल्यावर मोज्याला पडलेलं भोक त्यांनीच शिवून दिलं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत गटात एवढंच विचारा. आपल्या लेबलाची फाईल कुणाकडे आहे? दुकानदाराकडे असेल तर दोघी-तिघी मिळून जा आणि पेन ड्राईव्हवर मागून आणा. थर वेगवेगळे असलेली मूळ फाईल मागा, नुसता फोटो घेऊन येऊ नका. आणि गटात जिचा हात चांगला चालतो, तिला रोज अर्धा तास मोबाईल मिळेल असं बघा. पहिले आठ दिवस रेघ वाकडी येईल. तिला हसू नका.

भेटू पुढच्या महिन्यात. तोवर वह्या पूर्ण ठेवा आणि हप्ते वेळेवर भरा. नमस्कार.