जुनी स्वयंचलित मोटार आणि टर्बोचार्जर

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) ओलांडणाऱ्या मालमोटारींना टर्बोचार्जर बहुधा कारखान्यातूनच बसवलेला असतो. जुन्या, स्वयंचलित गिअरच्या पेट्रोल मोटारीला तो मागाहून जोडण्याची हौस मात्र महागात पडण्याचीच शक्यता अधिक.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या या कल्पनेत इंजिनाबाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते आणि त्या प्रमाणात जास्त इंधन जळून ताकद वाढते. दाबलेली हवा तापते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना ती निववणारा इंटरकूलर नसेल, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि पिस्टनला इजा होते.

खरी अडचण पुढेच आहे. स्वयंचलित गिअरपेटीत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून फिरती शक्ती पोहोचवणारा भाग, पुढे नेतो, आणि आतील क्लचपट्ट्या मूळ इंजिनाच्या पिळापुरत्याच घडवलेल्या असल्याने वाढीव पिळाखाली त्या घसरतात, तेल करपते. डिपस्टिकवरचा लाल रंग तपकिरी होऊन जळका वास येऊ लागतो. म्हणून तेलासाठी वेगळा कूलर आणि मजबूत क्लचपट्ट्या आधी, टर्बो नंतर, हाच क्रम शहाणपणाचा.

शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध असल्याने, काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक ठरते.