विषाणूची पुढची खेळी



वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्याला बोंडअळीची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. बीटी कपाशीला आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. पुढें अळीला मारक अशीं दोन द्रव्यें स्वतःच्या अंगांत तयार करणारें वाण आलें, आणि प्रश्न कायमचा मिटला असें पुष्कळांना वाटलें. पण २०१७ च्या हंगामांत विदर्भांतल्या शेतांत त्याच वाणाचीं बोंडें फोडून पाहिलीं, तों आंत गुलाबी अळी जिवंत! बियाणें तेंच होतें. अळी मात्र ती राहिली नव्हती. लस आणि विषाणु यांचें नातें थोडेंफार असेंच आहे. फरक एवढाच कीं, अळीला बदलावयास वर्षें लागलीं. विषाणूला महिने पुरतात.

फेब्रुवारी २०२१ आठवा. अमरावती, यवतमाळ, वर्धा या भागांत करोनाची साथ पुन्हां उसळली. वर्ध्याला शनिवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत संचारबंदी लागली होती. लस टोंचण्यास महिन्यापूर्वींच, १६ जानेवारीला, आरंभ झाला होता. आणि त्या लशी बेतलेल्या होत्या २०२० च्या आरंभीं सांपडलेल्या विषाणूवरून.

विषाणूच्या अंगावर जे काटे दिसतात ते एका प्रथिनाचे असतात. त्या काट्यानेंच तो आपल्या पेशीच्या दाराची कडी काढतो, आणि बहुतेक लशी शरीराला मुख्यतः हा काटाच ओळखावयास शिकवितात. हें प्रथिन म्हणजे १२७३ मण्यांची माळ. मणी वीस जातींचे. नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळांत महाराष्ट्रांत घेतलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें तपासले, तेव्हां ४५२, ४८४ आणि ६८१ या जागांचे मणी बदललेले वारंवार आढळले. मग संगणकावर त्या बदललेल्या काट्याची आकृति उभी केली. ती पेशीच्या दारावर कशी बसते, आणि शरीरांतील प्रतिपिंडें तिला कितपत धरूं शकतात, हें गणितानें ताडून पाहिलें. उत्तर असें आलें कीं, नवा काटा दाराला अधिक घट्ट बसण्याचा संभव आहे, आणि कांहीं प्रतिपिंडांची पकड सैल होईल. याच कुळांतील एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेनें ३१ मे रोजीं डेल्टा हें नांव दिलें. पुण्याचा निबंध रीतसर छापून आला तो जुलैंत. आडाखा बरोबर होता. पण तोंवर दुसरी लाट घरोघरीं फिरून ओसरूंही लागली होती.

तेव्हां ही खेळी आधीं ओळखतां येईल काय? प्रत्येक जागीं दुसऱ्या एकोणीस जातींचा मणी येऊं शकतो. म्हणजे एकच मणी बदललेलीं रूपें झालीं २४,१८७. इतक्यांची परीक्षा प्रयोगशाळा एकवेळ करील. पण दोन मणी एकदम बदलले, तर हीच संख्या २९ कोटींच्या वर जाते. तीन बदलल्यावर काय होईल तें मी सांगत बसत नाहीं.

येथें संगणक उपयोगी पडतो. तो भविष्य सांगत नाहीं, चाळणी धरतो. विषाणूच्या गोतावळ्यांतील जुन्या प्रथिनांचे पुष्कळ नमुने त्याला दिले, म्हणजे कोणता मणी कोठें चालतो आणि कोठें मुळींच खपत नाहीं याची जाण त्याला येते. व्याकरण न शिकलेल्या मुलालाही ‘घर पडला’ हें खटकतें, तसेंच हें. पुढें दोन गोष्टी पाहावयाच्या : ती जागा प्रतिपिंडांच्या हाताला लागण्याजोगी उघडी आहे काय, आणि नवा मणी जुन्याहून इतका निराळा आहे काय कीं त्यांची पकड सुटेल. हार्वर्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं २०२३ सालीं या रीतीची कसोटी प्रसिद्ध केली. यंत्राला माहिती दिली ती साथीपूर्वींचीच. आणि साथींत प्रत्यक्ष आलेले पुष्कळ बदल त्याच्या यादींत वरच्या जागीं निघाले.

ह्यानें हुरळून जाण्याचें कारण नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें ओमायक्रॉन आला तो काट्यांत तीसहून अधिक बदल एकदम घेऊन. एकेका बदलाच्या गुणांची बेरीज करून अशा रूपाचा अंदाज नीट येत नाहीं, कारण एक मणी बदलला कीं दुसऱ्याचें महत्त्वच पालटतें. शिवाय यंत्र जागा सांगतें, तारीख सांगत नाहीं.

आणि लशीच्या कामांत किंमत आहे ती तारखेला. पुण्याच्या जेनोवा कंपनीनें ओमायक्रॉनवर बेतलेली लस केली. साध्या शीतपेटींत टिकणारी, सुई न टोंचतां त्वचेंत देतां येणारी. काम खरोखर कौतुकाचें. ती जून २०२३ मध्यें बाहेर आली. आणि आदल्याच महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनीं, नव्या लशी एक्सबीबी नांवाच्या पुढच्या शाखेवर बेताव्या, अशी शिफारस केलेली होती!

चाळणींत वर राहिलेल्या रूपांचे काटे आतां प्रयोगशाळेंत आधींच घडवितां येतात. ते एखाद्या निरुपद्रवी विषाणूवर बसवावयाचे, आणि लस घेतलेल्या माणसाचें रक्तजल त्यांना आवरतें कीं नाहीं तें पाहावयाचें. न आलेल्या पाहुण्याची अशी तालीम झाली, तर लशीचा सांचा बदलावयास कांहीं महिने तरी हातीं लागतात.

याच गणिताची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. कोणते मणी बदलले असतां विषाणु स्वतःच मोडून पडतो, हेंही त्यांतून कळतें. काट्याचा बुंधा शेंड्याइतका बदलत नाहीं. तेथें नेम धरणाऱ्या लशींचे प्रयोग चालू आहेत. अडचण अशी कीं, बुंधा बराच झांकलेला असतो आणि शरीर त्याच्याकडे सहसा कमी लक्ष देतें.

यंत्राला चारा मात्र लागतो ताज्या नमुन्यांचा, आणि साथ ओसरली कीं नमुने घेणेंही ओसरतें. पावसाळ्यांत आर्वीला किंवा हिंगणघाटला एखादा माणूस अंगांत ताप घेऊन दवाखान्यांत येतो, चार गोळ्या घेतो आणि मोटारीची वेळ गांठून घरीं जातो. त्याच्या नाकांत कोणत्या घडणीचा काटा होता, हें पुण्यालाही कळत नाहीं आणि हार्वर्डलाही नाहीं.