थांबा कोणाचा?



असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. लेकीबाळींना माहेरच्या वाटेचे मोल किती, हे या गावाला आम्ही सांगायला नको. आज ज्या गाडीविषयी बोलायचे आहे ती असोद्यावरून जात नव्हती. पण आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची ती माहेरची आणि बाजाराची वाट होती. ती म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, आपली ‘पीजे’.

अडीच फुटी रूळ आणि ५६ किलोमीटरचा पल्ला. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास ती सुरू झाली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ती जामनेरला पोहोचे. तिच्या वेगाची चेष्टा सगळेच करीत. पण पाटी-बोचके घेऊन निघालेल्या गरिबाला ती परवडत असे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. पुढे बाकीच्या गाड्या धावू लागल्या. पीजे मात्र धावली नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसले की आमचा पहिला प्रश्न असतो : हे तात्पुरते की कायमचे? कायमचे असेल तर मालकाला हिशेब चुकता करावा लागतो. तात्पुरते म्हटले की हिशेब लांबतो, आणि वाट पाहता पाहता माणसे पांगतात. थांब्याचेही तसेच आहे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ती बंद झाली हे सर्वांना ठाऊक होते. पीजेला निरोपसुद्धा मिळाला नाही. मग फलाटासमोर चहाची टपरी मांडणाऱ्याने दुकान हलवावे की थांबावे? त्याला उत्तर कोणी द्यायचे?

कोणी म्हणेल, जुन्याचा एवढा लोभ कशाला? आम्हाला तो लोभ नाही. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळही पुढे रुंद झाला, आणि ते योग्यच झाले. पीजेचाही मार्ग रुंद करण्याचे काम मंजूर झाले आहे. ते अवश्य व्हावे. पण रूळ रुंद होताना थांबे कमी होऊ नयेत. वेगवान गाडी आपल्या गावावरून शिट्टी वाजवीत निघून गेली, तर त्या वेगाचा आपल्याला उपयोग काय?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. प्रत्येक गावाने ठराव करून विचारावे : आमचा थांबा राहणार का? तिकीट गरिबाला झेपेल का? आणि गाडी येईपर्यंत एस.टी.ची सोय काय? उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर संप मिटवू नये, हे आम्ही चळवळीत शिकलो. थांब्याच्या बाबतीतही तोच धडा लागू आहे.