एका खोलीत आठ पलंग

पंढरपूरची धर्मशाळा आपल्याला नवी नाही. सतरंजी टाकायची, पिशवी उशाला घ्यायची, शेजारी कोण झोपलंय ते उजाडल्यावर कळतं. फिरस्त्यांचं हॉस्टेल म्हणजे तिचंच भावंड. फरक एवढाच, की तिथं खोली नाही, पलंग भाड्यानं मिळतो, तोही एकावर एक रचलेला.

ही कल्पना जर्मनीतले शिक्षक रिशार्ड शिरमान यांची. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळ आलं आणि सगळ्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्या वाटसरूंना का देऊ नयेत, असं त्यांना वाटलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल सुरू झालं.

आमच्या गटानं दोन वर्षं महिन्याला १०० रुपये प्रवासासाठी वेगळे काढले. ५० रुपयांच्या नव्या नोटेमागे दगडी रथ आहे ना, तो हंपीच्या विठ्ठल मंदिरातला. दर बैठकीत तो रथ मोजायचा, मग एकदा बघूनच येऊ, असं ठरलं. सोलापूरहून रेल्वेनं गदग, तिथून होसपेट. सहा जणी गेलो.

बायकांच्या खोलीत आठ पलंग. उरलेल्या दोनांपैकी एकीवर केरळची मुलगी. रोज पहाटे चारला मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला जायची, फोन खोलीतच ठेवून. तो तिचा आठवा दिवस. सूर्य रोज निराळा उगवतो म्हणे! आमच्यातल्या तिघी धारा काढायला चारलाच उठतात, त्यांना हसू आवरेना. बाहेर ओसरीवर पुण्याचे एक निवृत्त बँकवाले काका. रोज सकाळी ताणकाट्यावर पिशवी तोलायचे. वजन कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापलेली. आणि बोलायचे काय, तर आमच्या गटाच्या कर्जाचा व्याजदर!

आठव्या पलंगावर हॉलंडच्या आजी, वय ७१. घडीचं स्टूल घेऊन विठ्ठल मंदिरात बसायच्या आणि एकाच खांबाचं चित्र काढायच्या. सलग तिसऱ्या वर्षी तोच खांब. त्या मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. आमच्या एका मावशींनी त्यांना सांगितलं, विजयनगरला नेलेला विठोबा एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, पंढरपूरला परत आणला, अशी कथा आहे. केरळच्या मुलीनं मावशींच्या हिंदीचं इंग्रजी केलं. आजींनी ते चित्राच्या कडेला लिहून घेतलं.

मग मावशींनी विचारलं, इकडं यायला घरी कुणाला विचारलंत? आजींना प्रश्नच कळेना. तीनदा समजावल्यावर म्हणाल्या, कुणाला विचारायचं? मालक गेल्यापासून त्या दर हिवाळ्यात एकट्याच बाहेर पडतात.

या मावशी आमच्या गटाच्या अध्यक्षा. लाखाच्या कर्जावर सही करतात. पण हंपीसाठी थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि दीर, तिघांची परवानगी काढून आल्या होत्या. कीर्तनाला जा, फिरायला कशाला, असं ऐकूनही घेतलं होतं. (हे त्यांना विचारूनच सांगतोय.) दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तर त्यांचा पलंग रिकामा. केरळच्या मुलीबरोबर टेकडीवर गेल्या होत्या. आठ वाजता आल्या आणि चहा कुठं मिळतो एवढंच विचारलं.

सगळेच वल्ली गोड नसतात. एक जण रात्री बारापर्यंत ओसरीत आम्हाला ध्यान शिकवत होता. झोप येते म्हणून सरळ उठावं, वाईट वाटून घेऊ नये. जाणार असाल तर आधी फोन करा. काही हॉस्टेलांत वयाची अट असते, एका ठिकाणी चाळिशीपुढच्यांना घेत नाही असं आम्हाला सांगितलं. बायकांची वेगळी खोली आहे का ते विचारा. गुडघे दुखत असतील तर खालचा पलंग मागून घ्या. कपाटाला आपलंच कुलूप लागतं, ते न्या. बॅटरी आणि आधार कार्ड विसरू नका.

पुढच्या प्रवासाची बचत चैत्रात सुरू झाली. या वेळी नऊ जणी आहेत. मावशींनी स्वतःच्या नावाखाली थोरल्या सुनेचंही नाव घातलंय. घरात त्यावरून बोलणी चालू आहेत, पण सुनेचे तीन हप्ते जमा झालेत.