विजेचा दाब आणि आपली घरं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण इथे राहायला आलो तेव्हाचं लोडशेडिंग आठवतं ना? दीपनगरचं वीज केंद्र भुसावळजवळ, आणि जळगाव-धुळ्यात आपण अंधारात! तेव्हा तक्रार होती वीज नसल्याची. आता वीज बऱ्यापैकी असते, पण एसी, वॉशिंग मशीन, वायफाय घराघरात आहे. म्हणजे दाब बिघडला तर जळायलाही पुष्कळ आहे.

घरात यायला हवेत 230 व्होल्ट. त्यात दोन प्रकारचे आजार होतात आणि दोघांचं औषध वेगळं आहे.

पहिला आजार क्षणाचा. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते आणि तारांतून हजारो व्होल्टचा झटका निमिषात आत शिरतो. त्यावर सर्ज प्रोटेक्टर. तो जादा दाब अर्थिंगकडे वळवतो. अर्थिंगच नसेल तर तो वळवणार कुठे? तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला, की संपलंच. शिवाय प्रत्येक झटक्याने तो थोडा थोडा झिजतो. त्याचा दिवा बंद झाला, की बदला.

दुसरा आजार न्यूट्रलचा. इमारतीत तीन फेज येतात, दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. मीटरच्या खोलीत न्यूट्रलची जोडणी सैल झाली किंवा जळाली, की ज्या घरात कमी उपकरणं चालू, तिथेच दाब तीनशेच्या वर जातो. मागे आपल्या एका विंगमध्ये हेच झालं. एका दुपारी चार घरचे टीव्ही गेले. एमसीबी पडला नाही, कारण तो जादा प्रवाह ओळखतो, जादा दाब नाही. साधा स्पाइक गार्डही इथे टिकत नाही. त्यासाठी दाब वाढताच पुरवठा तोडणारं ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लागतं.

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून विम्याचंही सांगतो. साध्या अग्निविम्यात दाब वाढून उपकरण जळणं साधारणपणे धरलेलं नसतं. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा, वेगळं संरक्षण विचारा.

घरी करायचं ते सोपं. आभाळ भरून आलं की टीव्हीचा आणि राउटरचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. केबलची वायरही सोडवा. पण हे गडगडाट सुरू होण्याआधी. डोक्यावर वीज चमकत असताना वायरींना हात नको. लाइट गेली तर फ्रिज-एसी बंद करा, आल्यावर पाच मिनिटं थांबा. दिवे अचानक प्रखर झाले, तर मेन स्विच पाडा आणि 1912 ला कळवा.

सोसायटीकडे माझं मागणं तीन गोष्टींचं. दरवर्षी पावसाळ्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रलच्या जोडण्या आवळून घ्याव्यात. अर्थिंग मोजून घ्यावं. वैशाखात आपली काळी जमीन भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात पाणीही घालावं. आणि मुख्य पॅनेलवर सर्ज प्रोटेक्टर बसवावा. येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा. रंगरंगोटी दिसते, अर्थिंग दिसत नाही, म्हणून त्याचा खर्च मागे पडतो. पण करंट लागला तर प्रश्न टीव्हीचा नसतो, नातवंडांचा असतो.

एवढं बोलून थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!